आधी स्टे, मग बोलणी

३ फेब्रुवारी, सोमवार

काढलं मला!

पुण्यातल्या एका हॉटेलात फुटबॉल महासंघाची सभा. चहा यायच्या आधीच अध्यक्षांनी ठराव वाचला — सरचिटणीस अ‍ॅडव्होकेट रेश्मा यांना पदावरून तत्काळ दूर करण्यात येत आहे. नोटीस नाही, खुलासा नाही. देशभरातून आलेले सदस्य खाली बघत बिस्किटं खात होते. हात वर करताना मात्र एकालाही अडचण आली नाही.

कारण काय, तर शिस्तभंग. खरं कारण त्यांनाही माहीत आहे आणि मलाही. कॅम्पमधल्या मुलींनी कोचबद्दल तक्रार केली. काय तक्रार, ते इथेही लिहवत नाही. मी त्याला त्याच दिवशी घरी पाठवलं आणि चौकशी लावली. तो अध्यक्षांचा माणूस. झालं!

पिरंगुटचा घाट संपेपर्यंत गाडीत एकटी शिव्या देत होते. घरी आले तर आबा ओट्यावर. माझं तोंड बघून एवढंच म्हणाले, "कोण आडवा आला?"

४ फेब्रुवारी

रागानं डोकं भणभणतंय. जेवले नाही. आईनं ताट झाकून ठेवलं.

५ फेब्रुवारी, बुधवार

दयानंदसरांकडे जाऊन आले. यांच्याच हाताखाली मी वकिली शिकले. अख्ख्या मुळशीतल्या बांधांची, वाटण्यांची, रस्त्यांची भांडणं त्यांच्या त्या कळकट ऑफिसात येतात. पहिल्याच दिवशी त्यांनी मला सांगितलं होतं — "आधी स्टे, मग बोलणी." आमच्याकडे जमिनीला सोन्याचा भाव आल्यापासून स्टे ही मानाची गोष्ट झाली आहे. लग्नात लोक विचारतात, "मिळाला का स्टे?" मिळाला असेल तर पंगतीत पुढे बसवतात.

फुटबॉलमध्येही मी स्टेमुळेच आले. आमच्या गावच्या, उरवड्याच्या गायरानावर मुली खेळायच्या. एका बिल्डरच्या माणसांनी तिथे कुंपण घातलं. आबा गावच्या क्रीडा मंडळाचे अध्यक्ष. ते काठी घेऊन निघाले, मी त्यांना थांबवलं आणि कोर्टातून स्टे आणला. मैदान वाचलं. मग जिल्हा संघटनेला फुकटचा वकील हवा होता, मग राज्याला, मग दिल्लीला. आयुष्यात बॉलला पाय लावला नाही मी! ऑफसाइड म्हणजे काय ते माझ्या भाचीनं, सायलीनं, आईच्या वाट्या मांडून शिकवलं. आज तीच सायली देशाच्या वीस वर्षांखालच्या संघाची गोलकीपर आहे आणि मी घरी बसले आहे.

सभा पुण्यात झाली, म्हणजे दावा पुण्यात बसतो. सर म्हणाले, "मांड." मांडला.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

मिळाला!! मला काढण्याच्या ठरावाला स्थगिती. 

उरवड्यात शिरले तर पोरांनी गाडी अडवली. गुलाल! आबांनी फेटा बांधला होता. "आमच्या पोरीनं दिल्लीवर स्टे आणला," हे ते दिसेल त्याला सांगत होते — आमच्या खोल्यांत भाड्यानं राहणाऱ्या कंपनीतल्या बिहारी पोरांनासुद्धा. त्यांनीही टाळ्या वाजवल्या बिचाऱ्यांनी.

नाही म्हणत नाही, लई भारी वाटलं.

११ फेब्रुवारी, मंगळवार

जागतिक संघटनेचा मेल. भारताचं सदस्यत्व निलंबित.

कारण — महासंघाच्या कारभारात बाहेरच्या कोर्टाचा हस्तक्षेप. फुटबॉलचं भांडण फुटबॉलच्याच लवादाकडे न्यायचं, कोर्टाची पायरी चढायची नाही. हा नियम मला माहीत होता. सरचिटणीस झाल्यावर मीच तो सगळ्या राज्यांना समजावून सांगत फिरले. आणि स्वतःवर आलं तेव्हा? आठवलासुद्धा नाही. हात सरळ स्टेकडे गेला, जसा मुळशीतल्या कुठल्याही माणसाचा जातो.

निलंबन म्हणजे एकही आंतरराष्ट्रीय सामना नाही. मुलींची आशियाई स्पर्धा व्हिएतनामला, याच महिन्यात. सायलीची बॅग भरून तयार आहे.

मी काय करून बसले!

१२ फेब्रुवारी

टीव्हीवर दिवसभर तेच. आबा टीव्हीला शिव्या देतायत. "त्या अध्यक्षानंच वर जाऊन चुगली केली आसंल."

मी म्हटलं, "आबा, बंदी त्याच्यामुळे नाही. मी कोर्टात गेले म्हणून आली."

आबांनी माझ्याकडे असं पाहिलं की मीच खुळी. "कोर्टात गेल्यावर बंदी? मग कोर्ट कशाला हाय?"

या माणसानं चुलत्याशी बांधाची केस माझ्या जन्माआधीपासून लढवली आहे. चुलते गेले, बैल गेले, त्या रानात आता गोडाऊन उभं राहिलं. केस चालू आहे. त्यांना मी कसं पटवू? एकदा सांगितलं, दोनदा सांगितलं. मग आवाज चढला माझा, आणि आई मध्ये पडली. विषय तिथेच राहिला.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

सायलीचा बंगळूरच्या कॅम्पमधून फोन. मला वाटलं रडेल. नाही रडली. त्यानंच जास्त लागलं.

"आत्या, वीस वर्षांखालची माझी हीच शेवटची स्पर्धा. पुढच्या वर्षी मी वयात बसत नाही."

"माहीत आहे गं."

"मुली विचारतायत, तुझी आत्या केस मागे घेईल का? मी म्हटलं मी विचारणार नाही." मग लगेच, "मी विचारत नाहीये हं."

केस मागे घेतली तर बंदी उठेल. पण मी शिस्तभंग केला हे कायमचं नावावर राहील, आणि तो कोच आठवड्यात परत येऊन त्याच मुलींसमोर शिट्टी वाजवेल. नाही घेतली तर मुली घरी. दोन्हीकडून मुलीच मरतात! मी फोन ठेवला आणि मागच्या पडवीत जाऊन बसले. खूप रडले. बरं झालं कोणी आलं नाही.

१५ फेब्रुवारी, शनिवार

अध्यक्षांना स्वतःहून फोन केला. 

"बोला मॅडम," म्हणाले. इतकं गोड बोलतो हा माणूस की कानात मुंग्या येतात.

मी म्हटलं, केस मागे घेते. पद सोडते. पेपरात एक शब्द बोलणार नाही. पण कोच त्या विमानात बसणार नाही, आणि चौकशी निवृत्त न्यायाधीश बाई करतील. नाव मी सुचवते.

"आणि मी नाही म्हटलं तर?"

"तर स्टे आहे तसा राहील. देशाला खेळता येणार नाही आणि अध्यक्ष म्हणून फोटो तुमचा छापून येईल."

खोटं बोलले. सोमवारी काहीही झालं तरी मागे घेणारच होते. पण बांधाच्या भांडणात एवढं तरी शिकले आहे — आपण दमलोय हे समोरच्याला कळू द्यायचं नाही.

संध्याकाळी त्यांच्या वकिलाचा मेल आला. दोन्ही अटी मान्य.

१७ फेब्रुवारी, सोमवार

दावा मागे घेतला. न्यायाधीशांनी चष्म्यावरून पाहिलं, "विचार केलाय ना?" केलाय, म्हटलं.

 गाडीत बसताना दयानंदसर म्हणाले, "मिळालेला स्टे सोडणारी तू पहिली." मी कारण सांगायला लागले. त्यांनी हात वर केला. "ऱ्हाऊ दे. दबाव आला आसंल, मला कळतंय." सरांनाही तेच वाटतंय! आणखी समजावण्याचं त्राण नव्हतं. 

घरी आबांनी काही विचारलं नाही. कोणीतरी आधीच सांगितलेलं दिसतंय. जेवताना फक्त, "घाबरलीस व्हय गं?"

नाही म्हटलं. 

१८ फेब्रुवारी

आबा माझ्याशी बोलत नाहीत. गोठ्याशी बोलतात, मांजराशी बोलतात.

१९ फेब्रुवारी, बुधवार

बंदी उठली!

शिवजयंतीची मिरवणूक दारावरून चालली होती, त्या ढोलांत मला फोन ऐकूच आला नाही. नंतर मेल पाहिला. सदस्यत्व पूर्ववत. खाली एक ओळ — पुन्हा कोणत्याही कोर्टाचा आदेश आल्यास निलंबन आपोआप लागू होईल, सुनावणी होणार नाही. ठीक आहे. आता कोण जातंय कोर्टात!

सायलीला कळवलं. पलीकडे मुलींचा नुसता कल्ला. मागून कोणीतरी हिंदीत ओरडली, "आत्या जिंदाबाद!" माझं नाव त्यांना माहीत नाही, आत्याच म्हणतात. पद गेलं ते गेलं, हे बरं आहे.

आबांना सांगायला गेले. ते मिरवणुकीत.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

मुली पोचल्या. सायलीनं फोटो पाठवला — निळं जॅकेट, हातात ग्लोव्हज, विमानतळावर वेड्यासारखी हसतेय. कोच नाही! फोटो मोठा करकरून प्रत्येक चेहरा पाहिला. नाही.

आबा सकाळीच धुतलेला सदरा घालून पुण्याला गेले, दयानंदसरांबरोबर. बांधाची तारीख असेल. जाताना बऱ्याच दिवसांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. राग गेला वाटतं. किती हलकं वाटलं मला! दुपारी आईबरोबर हरभरा सोलत बसले. आईनं वाट्या मांडल्या आणि मला म्हणाली, "रविवारची म्याच मलाबी समजावून सांग." दोघी पोट धरून हसलो.

२२ फेब्रुवारी, शनिवार

आबा पेढे घेऊन ओट्यावर उभे. एक देवापुढे ठेवला, एक माझ्या हातात. "त्यांनी तुला दाबलं म्हून काय झालं! गावचं मंडळ हाय की. काल मंडळाच्या नावानं दावा टाकला, दयानंद वकिलानं सांजंपातूर स्टे आणला. आता हालीव म्हणावं माझ्या पोरीला!"

आज चौथा शनिवार, कोर्ट सोमवारपर्यंत बंद. पहिली मॅच उद्या.

फोन वाजतोय. सायली आहे.

आबा म्हणतायत, "उचल की. तिलाबी सांग."