एका पेटीत दोन साप

४ डिसेंबर २०११
आज सकाळी आंघोळ झाल्यावर, देवापुढे दिवा लावायच्याही आधी, दोन साप वेगळे केले. ओल्या हातांनी!

लेक तन्वी क्योतोला शिकायला गेली तेव्हा तिची केशर माझ्यावर सोपवून गेली. नारिंगी कॉर्न स्नेक, स्वभावाने गरीब. तिच्या काचेच्या पेटीत मेहुण्याने, नंदकिशोरने, रात्री आपला राजा सोडलेला. राजा म्हणजे किंगस्नेक – काळापांढरा, तिच्या दीडपट. केशर पाण्याच्या भांड्यामागे अंग चोरून बसली होती.

विचारलं तर म्हणतो, “भाऊजी, भूकंपापासून सगळा जपान वीज वाचवतोय. दोन पेट्यांना दोन हीटर कशाला? आपण राहतोच ना एकत्र!”

राहतोच. मार्चच्या भूकंपात त्सुकुबाला त्याच्या इमारतीला तडे गेले. दोन आठवड्यांसाठी म्हणून बहिणीकडे आला. डिसेंबर उजाडला.

५ डिसेंबर
तन्वीला फोन केला. “बाबा, झेत्ताई दामे! अजिबात नाही! किंगस्नेक दुसरे साप खातो. आणि तसंही सापांना सोबत नको असते रे, एकेकटेच बरे असतात.”

नंदकिशोरला सांगितलं. हसला. “माझा राजा पोटभर जेवलेला असतो.”

सुनेत्रा म्हणाली, “अहो, सापावरून माझ्या भावाला घालूनपाडून बोलू नका.”

मी बोललोच कुठे?

९ डिसेंबर
आज केशरचा जेवणाचा दिवस. गोठवलेला उंदीर कोमट पाण्यात ठेवला. त्यासाठी सुनेत्राने जुना टोप गॅलरीत काढून दिलाय. जन्मात अंडं खाल्लं नाही मी! मनातल्या मनात क्षमा मागत होतो, तर मागून आवाज – “काय भाऊजी, पिंडदान चाललंय का?” दोघं भावंडं पोट धरून हसली.

गावी नागपंचमीला आई विळीला हात लावत नसे. जमीन खणू देत नसे. बिळातल्या जिवाला धक्का नको म्हणून. हे कुणाला सांगू इथे?

१३ डिसेंबर
नंदकिशोरला पुन्हा बजावलं, राजा त्याच्याच पेटीत ठेव. “हो हो” म्हणाला, टीव्हीवरची नजर न काढता. माझ्याच घरात मी विनवण्या करतो.

१६ डिसेंबर
ऑफिसातून आलो. केशरच्या पेटीत राजा एकटाच. सुस्त. अंग फुगलेलं. तोंडातून नारिंगी शेपटीचं टोक बाहेर.

“दुपारी गारठा होता हो, तासभरच ठेवलं. डोळा लागला माझा. नवी आणू ना तश्शीच! तन्वीला कळणारसुद्धा नाही.”

सुनेत्रा स्वयंपाकघरातून बाहेर आली नाही.

देवापुढे बसलो.

१७ डिसेंबर
तन्वीला खरं ते सांगितलं. ती एवढंच म्हणाली – “बाबा, तू होतास ना तिथे?”

राजावर राग येत नाही. देवाने त्याला जसं घडवलं तसा तो वागला. शिकवून सांगितलेलं ज्याला कळतं, त्याचं काय?

१८ डिसेंबर
सुनेत्रा बोलत नाही. न बोलो.

२४ डिसेंबर
नंदकिशोरला त्याच्या बॅगांसकट स्टेशनवर सोडून आलो. घराची किल्ली मागून घेतली.

“आणि माझा राजा?”

राजा राहील, म्हटलं.