मागून पिणारी

४ मार्च, पातूर
पोचले! अमरावतीत घरी बसून शिकलेलं कोरियन अखेर कामाला आलं. दीक्षाबाई आता सिनेमाच्या दुभाषी! लेण्यांजवळ कोरियन व्हॅम्पायरपटाचं चित्रीकरण आहे. यातली व्हॅम्पायर चावत नाही, मागते. समोरच्यानं आपल्या भाषेत ‘हो’ म्हटलं तरच तिला पिता येतं. नायिका युन-सो भारी गोड आहे. भर उन्हात छत्री घेऊन सगळ्यांना वाकून नमस्कार करते. मी केशरबाईंकडे खोली घेतलीय. आल्या आल्या त्यांनी गरम भाकर वाढली. एकट्याच असतात, मला ‘पोरी’च म्हणतात.

७ मार्च
छोट्या भूमिकांत गावचेच लोक. युन-सो विचारते, ते मी वऱ्हाडीत सांगते: “तुमच्यातलं थोडं मले देता का?” शेजारचे बुधाजी हसत म्हणाले, “घे ना वं बाई, आमी कावून नाई म्हनू?” सगळेच हसले.

१० मार्च
बुधाजींना अकोल्याला हलवलं. अंगात रक्तच उरलं नाही म्हणे. ‘हो’ म्हणालेल्या दोन बायकाही झोपून आहेत. कॅमेरावाल्याला त्या दिवशीचे प्रसंग दाखवायला सांगितले. तो म्हणाला, घेतलेच नाहीत, युन-सोनं कॅमेरा बंद ठेवायला लावला होता.

११ मार्च
दिग्दर्शकाला जाब विचारला. तो किती पांढरा पडलाय, हे आजच दिसलं. म्हणाला, सोलमध्ये मीही ‘हो’ म्हणालो होतो. इथली भाषा तिला येत नाही, म्हणून तुला आणलं.
म्हणजे मीच—
केशरबाईंना सगळं सांगितलं. म्हणाल्या, “मंग तू सांगूच नको ना तिचं. तुह्याबिगर थे काय करते?”

१२ मार्च
आज तिनं विचारलं तेव्हा मी लोकांना म्हटलं, “नाई म्हना.” सगळे नाही म्हणाले. ती रागावली नाही. माझ्या ओठांकडे बघत होती. तिचेही ओठ हलत होते.

१३ मार्च, दुपार
केशरबाई अंगणात कुरडया वाळत घालत होत्या. युन-सो फाटकाशी आली. वऱ्हाडीत बोलली — हुबेहूब माझा आवाज. “थोडं देता का?” त्यांना वाटलं, मीच कुरडई मागतेय. मान वर न करता म्हणाल्या, घे ना—
मी धावले. तिनं एका हातानं मला खोलीत ढकललं. घाबरून मी आतून कडी घातली.

दाराबाहेर उभी आहे. म्हणते, म्हातारीले सोडतो, तू देतं का.
केशरबाई जिवंत आहेत. ओरडताहेत — नाई म्हन, पोरी, नाई म्हन—
आवाज बारीक होत चाललाय.
कडी काढते. आपल्याच भाषेत सांगावं लागेल. ह—