डाव्या कोपराचा सांधा

३ फेब्रुवारी

शी! खोकं उघडलं तर आत झुरळांची अंडी. वर चिकटपट्टी नवी कोरी, आत उकिरडा! दहा मजली रोबोचं हातभर मॉडेल — धड आहे, पाय आहेत, उजवा हात पूर्ण. डाव्या कोपराचा सांधाच नाही. हे किट निघणं कधीच बंद झालंय. हे खोकं विकताना खोकेवाला छातीवर हात ठेवून म्हणाला होता, "ताई, एक तुकडा कमी निघाला तर दुकानाला कुलूप लावीन." आज म्हणतो, "उभा राहतोय ना? मग झालं!"

उभा तर झाडूही राहतो. मला तो वाकायला हवाय — गुडघे, बोटं, कोपर, सगळं.

४ फेब्रुवारी

सगळे भाग साबणाने पुन्हा पुन्हा धुतले. तरी हात हुंगत बसले. तपासून झालेल्या प्रत्येक सांध्याच्या वाटीत आतून सुईने एक ठिपका टोचला. माझी खूण. वहिनी म्हणाली, "टिकली लावतेस का गं त्याला?"

७ फेब्रुवारी

अठरा तारखेला आमच्या मॉडेलवाल्यांच्या मंडळाचं प्रदर्शन. नियम एकच — सगळे भाग मूळ कंपनीचे, साच्यातून काढलेली नक्कल चालणार नाही. योग्यच आहे! आमच्या घरातल्या कुणी केलेलं काही आजवर काचेमागे मांडलं गेलेलं नाही. मला हे एकदा व्हायला हवंय. आणि सरळ मार्गाने.

९ फेब्रुवारी

आणखी एक दुकान. बरणीभर नकली कोपरं! तेलकट, फुगलेली, वास मारणारी. दुकानदार डोळा मारून म्हणतो, "रंग दिला की कोण बघतंय?" तशीच बाहेर पडले.

जेवताना तोंड सुटलं माझं. "असले भाग ओतणाऱ्यांची किळस येते मला! चोर परवडला, तो निदान तोंड लपवतो." दादा खाली मान घालून जेवत होता. तो कवळ्या बनवतो, दातांच्या. नखांत ती गुलाबी भुकटी घेऊन जेवायला बसतो — मला ताट सरकवून लांब बसावंसं वाटतं. बसत नाही. त्याने शाळा सोडली म्हणून मी शिकले. पण वाटतं खरं. शी, माझीही किळस येते मला!

जेवण झाल्यावर म्हणाला, "दाखव बरं कसा असतो तो सांधा." उजव्या कोपराचा काढून दिला.

"दोन्हीकडे हाच?"

"हो, हाच."

"दे दोन दिवस. विचारतो कुणाकुणाला."

११ फेब्रुवारी

आजही नाही. सगळे लबाड.

१२ फेब्रुवारी

दादाने सांधा परत दिला, रुमालात नीट बांधून. "कुणाकडे नाही गं."

१३ फेब्रुवारी

मिळाला!! खोकेवाल्याचाच फोन. "अस्सल आहे ताई, जुन्या मालात सापडला." पैसेही घेईना. हा माणूस, आणि पैसे घेत नाही? पण बसतो अगदी घट्ट!

१४ फेब्रुवारी

कड जरा खरखरीत लागली म्हणून पॉलिश पेपरने घासली. करडा रंग गेला आणि आतून गुलाबी निघाला. हिरड्यांचा गुलाबी! शी शी शी! टेबलावर फेकला, हात धुतले. उद्या त्या खोकेवाल्याच्या तोंडावर मारायचा म्हणून कागदात गुंडाळायला घेतला — तर वाटीत, आतल्या बाजूला, ठिपका.

माझा ठिपका. किंचित डावीकडे सरकलेला, उजव्या कोपरात आहे तस्साच.

तो सांधा मी एकाच माणसाच्या हातात दिला होता.

करड्या रंगाचे दोन हात दिलेत. मूळ रंगाशी ताडून बघितलेला दिसतोय. आणि खोकेवाल्याच्या हातून पोचवला, म्हणून तो पैसे घेईना. आणि मी त्याच्यासमोर काय काय बोलले!

१८ फेब्रुवारी

गेले नाही. मंडळाला कळवलं, एक भाग मूळ नाही. रोबो दारासमोरच्या फळीवर उभा केलाय, डावा हात वर करून. दादा कामावरून आला आणि चपला न काढताच बघत राहिला.

"नेला नाहीस?"

"घरातच हवा मला."

"आणि तो सांधा? बरा निघाला ना?"

"अस्सल आहे, दादा."

जेवताना ताट सरकवलं. त्याच्या बाजूला.