भोवते कोणत्या पातीचे

देवास, आश्विन शु॥ ११
दसरा झाला, टेकडीवर जायला लागलो. एकटाच. म्हणजे खंडेराव आधीच येऊन बसले होते, पण त्यांच्या दगडावर, माझ्याकडे पाठ करून. गेल्या सालापासून बोलणं नाही.

कारण काय, तर एक पाखरू. लांब पंखांचे भोवते, गवतावर भोवऱ्या घेत शिकार करणारे. दसऱ्यानंतर उत्तरेकडून येतात नि तिन्हीसांजेला बिडातल्या, म्हणजे दरबारच्या राखीव कुरणातल्या, उंच गवतात उतरतात. सासरे दरबारच्या बाजखान्यात होते. जन्मभर पाखरं धरली, म्हातारपणी नुसती मोजू लागले, आणि जाताना दोन्ही जावयांना मोजायला बसवून गेले. गाव एक, राज्यं दोन, थोरली पाती नि धाकटी पाती, टेकडीच्याही दोन बाजू, मधे देवीच्या देवळाच्या पायऱ्या. मी थोरल्या पातीच्या शाळेतला मास्तर, पण धाकटा जावई. खंडेराव धाकट्या पातीच्या कोठारावर, पण थोरले जावई. तेव्हा आपापल्या हद्दीतले आपण मोजायचे; पायऱ्या ओलांडील तो ज्या बाजूला उतरेल त्या पातीचा. गेल्या साली एक दोघांच्याही मोजणीत गेला. मी म्हटलं, माझ्याकडे उतरला. ते म्हणाले, "मास्तर, तो परत वळला. डोळे गहाण टाकलेत का?" झालं. गावभर हसं, दोन्ही पात्यांनी एकाच पाखरावर जकात घेतली म्हणून.

आज मला एकही दिसला नाही. खंडेरावांची मान मात्र पुन्हापुन्हा वळत होती.

कोजागरी
इंदूरला जाऊन आलो. मोतीबिंदू असेल, काढून टाकू, अशा समजुतीत. डॉक्टर म्हणाला, "मोती असता तर काढला असता, मास्तर. हा काचबिंदू. गेलेलं येत नाही, राहिलेलंही जाणार." कधी? "ते देवाला विचारा." हे सांगायला इंदूर कशाला पाहिजे होतं!

कागद दिसतो, अक्षर दिसतं. पानातला भात दिसतो, बाजूची चटणी नाही. मान फिरवावी लागते. नळीतून बघावं तसं. आकाश एवढं थोरलं, माझ्या वाट्याला नळीएवढं. त्यात पाखरू आपण होऊन शिरेल तेव्हा.

सौ.ला सांगितलं नाही. दूध प्यालो. वेलदोडा जास्त झाला होता.

आश्विन व॥ ३
पायरी चुकलो, गुडघा फुटला. खंडेराव उठले, दोन पावलं आले, परत जाऊन बसले. मी पाहिलं. नेमके नळीत आले ना!
भोवते: काही नाही. असतील, मला नाही.

व॥ ६
सौ.ला कळलं. चटणीनेच घात केला. वाढली नाहीस म्हणून ओरडलो. तिने माझं बोट धरून चटणीत टेकवलं, मग तिथेच बसून रडायला लागली. म्हटलं, ताईला सांगू नकोस. ताई म्हणजे तिची थोरली बहीण, खंडेरावांचं कुटुंब. मान हलवलीन. होकाराची की नकाराची, ते मला दिसलं नाही.

व॥ ८
सांगितलंच. हिच्या तोंडात तीळ भिजायचा नाही.

खंडेराव आपला दगड सोडून माझ्या दगडाशी. "सरका." एवढंच. बसले. मग, "कळसापासून हातभर डावीकडे. खाली येतोय." बघितलं नि सापडला! नर. राखी अंग, पंखांची टोकं शाईत बुडवल्यासारखी. नळीच्या अगदी मधोमध. डोळे भरून आले. म्हटलं, वारा झोंबतोय. "झोंबतोच इथे," म्हणाले.

कुठे उतरला यावरून लगेच वाजलं. "धाकट्या पातीत. धाकट्याच! डोळे गेले म्हणून खिरापत मिळायची नाही, मास्तर." किती दिवसांनी हसलो.

धनत्रयोदशी
नळी आणखी बारीक. खंडेराव जागा सांगतात, मी शोधतो, तोवर पाखरू पुढे.
"गेला?"
"गेला."
मग त्यांच्या मोजण्यावरच लिहितो. कोठारातली सवय, धान्याच्या मापासारखे मोजतात. पहिल्याला एक म्हणायचं नाही, लाभ म्हणायचं. लाभ, दोन, तीन. आज चांगले आले म्हणतात. निम्म्यांसाठी माझ्याशी भांडले.

का. शु॥ २, भाऊबीज
दोघी बहिणींना भाऊ नाही. दरसाल चंद्राला ओवाळतात. मलाही अंगणात उभं केलं. चंद्र कुठे आहे ते सापडेना, तेव्हा सौ.ने हनुवटी धरून तोंड वळवलं. दिसला. नखाएवढा. किती वेळ बघत राहिलो. मान हलवली की जाईल, ही भीती. ताई तिकडे तोंड करून डोळे पुसत होती म्हणे. खंडेरावांनी ते मला सांगायचं काही कारण नव्हतं.

का. शु॥ ५
खंडेरावांना कोठारातून सुटका नाही. काठी घेऊन एकटाच चढलो. देवीचा पुजारी भेटला.
"माटसाब, अबे कंई देखो हो? बीड़ तो दिवाली से पेलां कटी गयो."
कुठलं बीड? म्हटलं.
"दोई तरफ को. घोड़ा वास्ते. घास ज नी तो वी कां बेठे? म्हने तो एक बी नी दिख्यो."

बीड दिवाळीच्या आधीच कापलं! म्हणजे धनत्रयोदशीचे ते चांगले आलेले, कालचे, परवाचे, ज्यांच्यासाठी खंडेराव तावातावाने भांडले ते सगळे...

आधी राग आला. मला काय पोर समजतात? मग भांडण आठवलं. नसलेल्या पाखरांची हद्द ठरवायला गडी घसा फोडत होता. राग कुणावर करावा ते कळेना. बीड कापणाऱ्यांवर करावा तर दोन्ही दरबार आपलेच. माझ्या डोळ्यांना एखादं साल उरलं असेल-नसेल, नेमकं त्याच सालात दोघांना घोडे आठवावेत! एरवी दोन्ही पात्यांचं एका गोष्टीवर एकमत होत नाही.

जेवलो नाही.

का. शु॥ ६
जायचं नव्हतं. खंडेरावांनी दारातून हाक मारली, "मास्तर, चला, उशीर होतोय." गेलो. दगडावर बसलो. वारा होता. समोर काय होतं, देवीला ठाऊक.

मी विचारलं, "बीड कसं आहे यंदा?"
म्हणाले, "आहे. कमरेएवढं."
खाली गुरं परतत होती, घुंगरं ऐकू आली. मग त्यांनी घसा खाकरला. "आले. लाभ... दोन... तीन..." आवाज नेहमीसारखा नव्हता. चार म्हणताना फाटला.
"कुठे उतरतायत?"
"पाच... सहा..." ते मोजतच राहिले.
"खंडेराव, कोणत्या पातीचे?"
"थोरल्या," म्हणाले. "सगळे थोरल्या पातीचे, मास्तर. लिहा तुम्ही."

एवढ्या वर्षांत या माणसाने मला एक पाखरू सुखासुखी दिलेलं नाही.

लिहिले. उतरताना त्यांनी माझा दंड धरला, मी धरू दिला. दाराशी म्हणाले, "उद्या येतो हाक मारायला."

येतील. ओ द्यायची की नाही, काही ठरत नाही.