घनश्यामरावांचं हाड

नागपूर, मंगळवार

प्रिय कुंता,

तू चौथी शिकलीस म्हणून हे लिहायचं धाडस करतो आहे. दार लावून स्वतःच वाच, मनसारामकडून तर मुळीच वाचून घेऊ नकोस. सकाळपासून माझं डोकं बधिर झालंय.

घरी मी कधी ताट घासलं नाही, पण इथे मेडिकलला हाड घासायला शिकवतात. पातळ चकती कापायची, दगडावर घासत कागदासारखी करायची आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरायची. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी बघतच राहिलो. बाहेरून एवढं घट्ट हाड, आत मात्र वलयांत वलयं, आपल्या आलापल्लीच्या सागाच्या कापलेल्या बुंध्यावर असतात तशी. प्रत्येकाच्या मधोमध रक्त वाहायचं बारीक छिद्र, भोवती काळे ठिपके. त्या ठिपक्यांत जिवंत पेशी राहतात म्हणे. हाडातसुद्धा एवढी वस्ती!

तुझे घनश्यामराव सागतोडीला गेले नि परतलेच नाहीत. मग तुझा दीर रक्तानं माखलेलं धोतर आणि हाडाचा एक तुकडा दुपट्ट्यात बांधून घेऊन आला. "भाऊले वाघानं नेलं वहिनी, एवढंच गवसलं," म्हणत मनसाराम धाय मोकलून रडला. तू म्हणालीस, "दादा, रामटेकले तूच शिरव. माझ्यानं होत नाई."

अस्थी म्हणून पाण्यात शिरवणारच होतो. पण गाठोड्यात त्या हाडाची एक कपची निघाली, आणि वाटलं, आपल्या जावयाला एकदा जवळून पाहावं. वेडेपणाच, पण माया होती गं माझी त्यांच्यावर.

कुंता, घासून पाहिलं तर त्यात वलयं नव्हती. विटांसारखे थर होते, ओळीनं रचलेले. दुसरी चकती घासली, पुन्हा तेच. शेवटी कोणाचं ते न सांगता सरांना दाखवलं. त्यांनी डोळा लावला आणि म्हणाले, हे माणसाचं नव्हे, गाईबैलाचं आहे.

मनसारामनं जंगलात पडलेलं हाड चुकून उचललं की मुद्दाम आणलं, देव जाणे. घनश्यामराव जिवंत आहेत असंही मी छातीठोकपणे सांगत नाही. पण येत्या सोमवारी त्याच मनसारामशी तुझा पाट लागायचा आहे. मी शनिवारी पोचतो. तोवर कोणी कितीही भरीस घातलं तरी हातात बांगडी भरू नकोस. तुला विधवा कोणी केलं, वाघानं की त्यानं, हे मला त्याच्या तोंडून ऐकायचं आहे.

तुझाच,
इसरूदादा