टीव्हीपुरती लाईट

वारूळवाडी,
दि. ११ एप्रिल २००६

चि. गोजरबाईस लंकाअक्काचा आशीर्वाद.

इकडे सगळं खुशाल आहे असं आधी लिहायचं असतं, म्हणून लिहिलं. बाकीचं वाचून तूच ठरव.

हे पत्र भागू आधी फोडणार आणि ओट्यावर बसून साऱ्या घराला मोठ्यानं वाचून दाखवणार, हे मला ठाऊक आहे. आपल्या बापालाही हीच खोड होती. तेव्हा भागू, भाऊ म्हणून तुलाही आशीर्वाद, आणि घसा खाकरून घे.

गोजरे, जबडा कसा आहे? भाकरी चावता येते का अजून पेजेवरच आहेस? तू अंधारात ओट्यावरून पडलीस त्याची आळीत अजून हळहळ चालू आहे. ठमाबाई येता-जाता वीज बोर्डाला शिव्या घालते. दिवाळीत तुझा हात मोडला तेव्हा लाईट नव्हती, संक्रांतीला डोळा काळानिळा झाला तेव्हाही नव्हती. बोर्डाचं आणि तुझं काय वाकडं आहे, कोण जाणे. आम्ही त्याच आळीत, त्याच अंधारात राहतो. आम्ही कोणी पडत नाही.

लाईट आता सकाळी एकदा जाते आणि दिवेलागणीला एकदा. वेळापत्रक पेपरात येतं. आपल्याकडे पाहुणा कधी सांगितल्या वेळेला आला नाही, अंधार मात्र घड्याळ लावून येतो. शेतातल्या विजेच्या डीपीवर रोज कुणाचं तरी रक्त निघतं. परवा दोन सख्ख्या भावांची जुंपली. थोरल्यानं धाकट्याच्या मोटरचा फ्यूज काढून खिशात घातला. धाकट्यानं फावड्याचा दांडा त्याच्या कानशिलात हाणला. थोरला पडला, उठला, आणि कोयता घेऊन धावला. धाकट्याची दोन बोटं बांधावर सापडली. फ्यूज अजून सापडला नाही, आणि गावात चर्चा त्याचीच जास्त आहे.

मी मात्र घर अंधारासाठी तयार केलंय. माळ्यावरचे कंदील उतरवले, काचा राखेनं लख्ख पुसल्या. रॉकेलचा डबा भरून ठेवला. लाईट असेल तेव्हा दळण आणते आणि पिंप भरून घेते. मिक्सर काय, ऐन वेळी मान टाकतो, म्हणून गोठ्यामागं पडलेला पाटा-वरवंटा आत आणला. पाट्याला टाकी लावणारी बाई आली होती, तिच्याकडून दोन्ही चांगलं खरखरीत करून घेतलं. यांनी विचारलं, "येवढं कशाला? चटणीच वाटायची ना?" म्हटलं, बघू काय काय वाटावं लागतंय.

आतल्या खोलीत एक खाट जास्तीची टाकली आहे. तुझी जुनी गोधडी धुऊन तिच्यावर ठेवली. पाहुणेरावळे येतात, लागते.

आणि मोठी बातमी राहिलीच. तुझ्या घरात इन्व्हर्टर आला! आळीतला पहिला. बॅटरी उतरवताना पोरं मिरवणुकीसारखी मागं. ठमाबाई मला म्हणते, "नवरा असावा तर असा! बायकू अंधारात पडली तर लगीच मशीन आणलं. न्हाईतर आमचं मेलं, मेणबत्ती आणायची तर खोकतंय." सयाजीराव ओट्यावर उभे राहून मान लववत होते, सत्कारच चालला होता जणू. आखितीचा सण झाला की जीप घेऊन तुला न्यायला येणार म्हणाले.

जबडा पुरता बरा झाल्याशिवाय घाई करू नकोस. भागू, हे वाक्य परत एकदा वाच.

तुझी,
लंकाअक्का


वारूळवाडी,
दि. २७ एप्रिल

गोजरे,

हे पत्र माझी पोर प्राची तुझ्या हातात देईल. मंचरला कॉलेजला जाते, तिथून तशीच घोडेगावला तुझ्याकडे येईल. ती समोर उभी असतानाच वाच आणि तिच्यादेखत चुलीत घाल. फोन करणार होते, पण तुमचा फोन भागूच्या उशाशी असतो.

मागच्या पत्रात अंधाराविषयी लिहिलं. आता आवाजाविषयी लिहिते.

बहिणी-बहिणी जावा झालो, आपल्या दोन घरांत भिंत एकच आहे. इतकी वर्षं रोज दिवेलागणीला तुझ्याकडचा टीव्ही भिंत हादरेस्तोवर लागायचा. मी यांना म्हणायची, गोजर लहानपणी बरी होती, आता ठार बहिरी झाली. मग ही लाईट जायला लागली. वेळ तीच, पण टीव्ही नाही, पंखा नाही, गिरणी नाही. चूल फुंकत होते आणि भिंतीतून आवाज आला. आधी वाटलं, मिरच्या कांडतेस. मग वाटलं, ओली गोधडी धोपटतेस. मग तुझा आवाज आला, आणि त्याच्यावर सयाजीचा. रागाचा नव्हता. समजावल्यासारखा होता. "आवाज काढू नगं. लाईट न्हाई."

गोजरे, मी आयुष्यात पुष्कळ घाणेरडं बोलणं ऐकलंय, काही स्वतः बोललेय. पण असलं नाही.

मी तांब्या घेऊन भिंतीवर बडवला. पलीकडे सगळं थांबलं. दाराकडे निघाले तर यांनी हात धरला. "नवरा-बायकूचं हाय, तू मधी पडू नगं. भाऊकीत उद्या तोंड दावायचंय." सकाळी तू जबडा फडक्यानं बांधून ओट्यावरून पडलेली होतीस. मी तुझ्या डोळ्यांत बघितलं, तू ओट्याकडे बघितलंस. मग भागू येऊन तुला घेऊन गेला.

आता इन्व्हर्टरचं ऐक. काल वाती आणायला नारायणगावात पारसच्या दुकानात गेले. त्यानंच तो बसवलाय. हसत मला म्हणाला, "मावशी, तुमच्या सयाजीरावांची तऱ्हाच न्यारी. गिऱ्हाईक आधी बल्ब म्हणतं, मग पंखा. हे म्हणाले, फक्त टीव्हीची लाईन काढ. मी म्हटलं, अहो, वहिनींना स्वयंपाकघरात एक दिवा तरी द्या. तर म्हणाले, तिला अंधारात समदं सापडतं."

तो हसत होता. मी वाती उचलल्या आणि निघाले.

समजलं ना? इन्व्हर्टर अंधारासाठी आणलाच नाही. शांततेसाठी आणलाय. तुला अंधार तसाच राहणार आहे. दिवे माणसाला लागतात आणि टीव्ही त्याला लागतो.

मी तडक सयाजीच्या दारात गेले. ओट्यावर बसून कोयत्याला धार लावत होता. विचारलं, बल्बची लाईन का नाही? म्हणाला, "वैनी, मॅच बघायची असती." म्हटलं, मॅच बघताना बायको मारायची असते का? हात थांबला नाही त्याचा. कोयत्याचं पातं अंगठ्यानं तपासत म्हणाला, "भिंतीला कान लावायची सवय लई वाईट. येखाद्या दिशी कान भिंतीलाच ऱ्हाईल, वैनी खाली पडतील. लाईट नसती ना हल्ली." आणि हसला. आळीतून ठमाबाई जात होती, तिला वाटलं दीर-भावजयीची थट्टा चाललीये. तीही हसली.

तेव्हा येऊ नकोस. खरं तर पत्र एवढंच आहे.

पण मला भागू माहीत आहे. "किती दिस ठेवू? लोक इचारत्यात," असं म्हणून तुला जीपमध्ये बसवेल आणि वर सयाजीला चहा पाजेल. तसं झालं तर एवढंच कर. दिवेलागणीच्या आधी परसाकडच्या दाराची कडी काढून ठेव. दार नुसतं लोटलेलं असू दे. अंधारात साऱ्या आळीत एकच टीव्ही लागेल. त्याला वाटतंय त्यानं आवाज झाकला. ऐकायला माझ्याकडे दुसरं काहीच नसणार, गोजरे. तो टीव्ही लागला की मी निघाले असं समज.

तुझी अक्का


वारूळवाडी,
दि. ५ मे

चि. भागूस,

हे पत्र मोठ्यानं वाच. तू नेहमी वाचतोस तसंच, ओट्यावर बसून. वहिनीला बोलाव, पोरांना बोलाव, शेजारचं कोणी असेल तर त्यालाही बसायला पोतं टाक.

आखितीची पुरणपोळी खाऊन तू आपल्या बहिणीची पिशवी स्वतःच्या हातानं जीपमध्ये ठेवलीस. ती दारातच बसली होती, जात नाही म्हणत होती. प्राची सणाला तिथंच होती, तिनं बघितलंय. तू म्हणालास, "आता काय भ्या न्हाई, घरात इन्व्हर्टर हाय."

पहिल्या संध्याकाळी सयाजीनं काही केलं नाही. बाजारातून भेळ आणली म्हणे. दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला लाईट गेली, सगळी आळी ओट्यावर येऊन बसली, आणि त्याच्या घरात टीव्ही लागला. हिंदी मालिका होती. कोणी बाई मोठ्यानं रडत होती, मागं व्हायोलिन. ठमाबाई म्हणाली, "बघा, गोजरबाईला मालिका लावून दिली." 

मी पाट्यावर लसणाची चटणी वाटत होते. वरवंटा हातात होता तसाच घेऊन परसात गेले. कडी काढलेली होती.

भागू, आवाज खाली नको करूस. वाच.

टीव्हीच्या निळ्या उजेडात मला दिसलं ते असं. गोजर पालथी पडलेली. तिच्या पाठीवर त्याचा गुडघा. तिचे केस त्यानं डाव्या मुठीला गुंडाळलेले, कासरा गुंडाळतात तसे. तिच्या तोंडात तिच्याच पदराचा बोळा. उजव्या हातात इंजिनाचा जुना पट्टा, आणि तो हाणत होता, सावकाश, टीव्हीतल्या बाईनं हंबरडा फोडला की हाणायचा, ती थांबली की थांबायचा. इतका हिशेबी माणूस आपल्या सोयऱ्यांत दुसरा नाही.

मी केस धरलेल्या हाताच्या कोपरावर वरवंटा घातला. बुक्कीनं कांदा फोडताना येतो तसा आवाज आला. तो वळला. उरलेल्या हातानं माझा गळा धरून मला भिंतीवर आपटलं, त्याच आपल्या भिंतीवर, अलीकडून-पलीकडून दोन्हीकडून माहीत झाली आता मला. डोळ्यांपुढं काळं झालं. मी वरवंटा खाली सोडला नव्हता, तो त्याच्या गुडघ्यावर घातला, आणि तो वाकला तेव्हा परत त्याच डाव्या हातावर घातला. चटणीचं तिखट त्याच्या फुटलेल्या कातड्यात गेलं असणार. तो ओरडत होता, पण टीव्ही इतका मोठा, की मला त्याचं नुसतं उघडं तोंड दिसत होतं.

मागून हे आले, कंदील घेऊन. मला वाटलं, मला धरायला आले. यांनी गोजरकडे बघितलं. तिच्या तोंडातला बोळा काढला. मग माझ्या आणि सयाजीच्या मधून गेले आणि टीव्हीची पिन ओढून काढली.

तेव्हा आळीला पहिल्यांदा त्या घरातलं काही ऐकू आलं. सयाजी "आई गं, मेलो गं" करून गुरासारखा ओरडत होता. अंधार होता, कुणाकडेच दुसरा आवाज नव्हता, म्हणून चांगलं शेवटच्या घरापर्यंत गेलं. माणसं कंदील घेऊन दारात आली आणि त्या उजेडात त्यांनी गोजरची पाठ बघितली.  ठमाबाईनं स्वतःच्या अंगावरची शाल काढून तिला गुंडाळली.

आता पुढचं ऐक, तुला आवडेल. दवाखान्यात डॉक्टरांनी सयाजीला विचारलं, हाताचे इतके तुकडे कशानं झाले? भावजयीनं वरवंट्यानं केले, हे मिशीवाल्याला सांगवेना. म्हणाला, "लाईट नव्हती, ओट्यावरनं पडलो." कागदावर तसंच लिहिलंय, खाली त्याच्या उजव्या अंगठ्याचा ठसा आहे. आता माझ्यावर तक्रार करायची सोय त्याला उरली नाही. गोजरला हे सांगितलं तेव्हा ती हसली. दोन दात नाहीत, बरगडी मोडलीये, हसताना कळवळत होती, तरी थांबेना. मीच शेवटी तिचं तोंड धरलं.

तिनं पोलिसात स्वतः जाऊन जबाब दिला. यांनी बरोबर जाऊन सही केली. भाऊकी आमच्याशी बोलत नाही. घरात पीठ आहे, रॉकेल आहे, पिंप भरलेलं आहे. चालेल.

ती आता माझ्या आतल्या खोलीत त्या खाटेवर झोपते. त्याच्याकडे जाणार नाही आणि तुझ्याकडेही येणार नाही. तुला तिला बघायला यायचं असेल तर ये, पण दिवसाउजेडी ये. दिवेलागणीनंतर दारात कुणाचं पाऊल वाजलं की माझा हात आधी वरवंट्याकडे जातो, आणि अंधारात मला भाऊ ओळखू येत नाही.

तुझी थोरली बहीण,
लंका