गार हात

विश्रांतवाडी, पुणे
जानेवारी २००६

दादा,

बाबांनी शेवटी तुझं नाव घेतलं का, असं तू अमेरिकेहून फोनवर विचारलंस. मी म्हटलं, लाइन खराब आहे. लाइन उत्तम होती. हे पत्र मी टाकणार नाही, त्यामुळे इथे खरं लिहायला हरकत नाही.

महिनाभर ते कुणालाच ओळखत नव्हते. तू पाठवलेल्या वेबकॅमवर तुला बघून ते नमस्कार करायचे, बँकेतल्या साहेबाला करावा तसा. मला नर्स समजायचे. त्र्याण्णवाव्या वर्षी तेवढं चालायचंच.

परवा दुपारी डॉ. मेश्राम आले. व्हेटरनरी कॉलेजातले बाबांचे विद्यार्थी, आता स्वतःच सत्तरीचे. त्यांनी नाडी बघायला मनगट धरलं, तर बाबा डोळे न उघडताच खेकसले, "गार हात लावायचा नाही. आधी चोळा!"

हा त्यांचा वर्गातला पहिला धडा. गाय दचकली तर चूक तुमची, असं ते पोरांना सांगायचे.

"चुकलो, सर," म्हणत मेश्रामांनी तळवे चोळले आणि पुन्हा मनगट धरलं.

"हं. आता बघा," बाबा म्हणाले.

त्यानंतर ते बोलले नाहीत. त्या शेवटच्या शब्दांत तू नव्हतास. मीही नव्हते.

संध्याकाळी ते गेले. मेश्राम म्हणाले, "ताई, डोळे तुम्ही मिटा." मी हात पुढे केला, तसाच मागे घेतला आणि दोन्ही तळवे चांगले गरम होईपर्यंत चोळत राहिले.

तुझी,
शैला